आधी माझं कार्ड बघा

बायको जाऊन चौदा महिने झाले. तिच्याबद्दल लिहावं म्हणून वही आणली, तर दोन ओळींच्या पुढं हात जाईना. वही तशीच पडलेली. म्हणून जिच्याबद्दल लिहिता येईल तिच्याबद्दल लिहितो. आमच्या युनिटमधली सरोजक्का. माझी शाळा सहावीपर्यंत, तीही कन्नड. मराठी घरात बोलून आणि देवळातल्या पोथ्या वाचून आलेली. चुकलं तर चुकलं, आता या वयात कोण मला नापास करणार?

युनिट म्हणजे म्हैसूरमधला शाळांचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना. पत्र्याचं छप्पर, अठरा मशिनी आणि एक लांब कटिंग टेबल. त्या टेबलाचा मी मास्टर, एकतीस वर्षं. माझी बायको यशोदा तिथंच काज-बटण करायची. आणि सरोजक्का बन्नूरहून रोज बसनं यायची. हजेरी मांडायची आणि नव्या माणसांचे कागद बघायची. माणूस कामावर घ्यायचा की नाही हे मालक ठरवायचे, पण घेता येतो की नाही हे ती ठरवायची. आणि तिचं झाल्याशिवाय मालकांचं चालायचं नाही.

बुटकी बाई. चष्म्याची एक काडी मोडलेली. तिथं मुलींच्या स्कर्टच्या कमरेला घालतो ते इलॅस्टिक शिवून कानामागून ओढलेलं. नवा चष्मा घे म्हटलं की म्हणायची, "अय्यो, काच फुटली का? नाही ना? मत्ते, मग कशाला?" तपकीर ओढायची. डबी बॉबिनच्या डब्यात लपवलेली असायची आणि ती तिथं आहे हे सगळ्या युनिटला माहीत. दहीभात साडेअकराला खायची, सगळ्यांच्या आधी, भिंतीकडं तोंड करून. सकाळी सहाच्या बसला बसायचं म्हणजे भूक लवकर लागायचीच. रागीटही होती. बन्नूरच्या एका कंडक्टरशी तिनं सुट्ट्या पैशांवरून वाद घातला आणि पुढं तीन वर्षं त्याच्या बसमध्ये पाय ठेवला नाही.

तिला नवरा होता, मुलगी होती, त्यांचं काय झालं, मला नीट ठाऊक नाही. मी विचारलं नाही. तीही कुणाला असलं विचारायची नाही. नवा माणूस आला की गाव कुठलं, कुणाचा कोण, देव कुठला, काही नाही. दारातल्या टेबलापाशी त्याला बसवायची आणि सगळ्यात आधी स्वतःच्या पिशवीतून स्वतःचं आधार कार्ड काढून त्याच्यापुढं ठेवायची.

"आधी माझं बघा."

माणूस गोंधळायचा. काम मागायला आलेला, त्याला कुणी कधी कागद दाखवलाय? ती म्हणायची, "वाचा की. ही मी. फोटोत चोरासारखी दिसते, पण मीच आहे. आता तुमचं बघू का?"

बघू का. दाखव असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मग तिला तीनच गोष्टी हव्या असायच्या. कार्ड त्याचंच आहे का, वय अठराच्या वर आहे का, आणि ईएसआयला नाव जाईल का, म्हणजे उद्या हाताला मशीन लागलं तर दवाखाना मिळेल का. आधार आणि बँकेचं पासबुक, दोन कागद. तिसरा मागायची नाही, दोनाचा दीड करायची नाही. झेरॉक्स काढून आणायची, मूळ कागद माणसाच्या हातात द्यायची आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात त्याची सही घ्यायची, मूळ कागद परत मिळाला म्हणून. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. मग पेन बंद करून म्हणायची, "बघितलं. आयतु." झालं, मशीनवर बस.

ती युनिटमध्ये आली तेव्हा मला बावीस वर्षं झालेली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं मला बोलावलं.

"मास्टर, तुमचे कागद बघू का?"

मी म्हटलं, "मी इथं बावीस वर्षं आहे. मालकांच्या वडिलांच्या अंगाचं माप मी घेतलंय."

"असाल. माझ्या वहीत आज आलात."

पलीकडं यशोदा एवढी हसली की बटणांचा डबा तिच्या मांडीवरून खाली गेला. मला राग आला. दोन दिवस मी कागद नेले नाहीत. तिसऱ्या दिवशी यशोदानंच माझं कार्ड माझ्या डब्यात चपातीवर ठेवून दिलं. नेलं. सरोजक्कानं आधी स्वतःचं पुढं केलं, मी बघितलं न बघितलं केलं, मग तिनं माझा फोटो उचलून डोळ्यापाशी नेला. एकदा फोटो, एकदा मी.

"केस होते की मास्टर तुम्हाला!"

मालकांचेही घेतले तिनं. मालक म्हणाले, मी मालक आहे. ती म्हणाली, "तेच लिहिते. कामाच्या रकान्यात मालक."

एकदा एका शाळेचा खरेदीचा माणूस आला. मोठी शाळा, आमचं अर्धं वर्ष त्यांच्या गणवेशावर चालायचं. त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, तुमच्याकडं बाहेरची माणसं किती, त्यांची वेगळी यादी द्या. मालक सरोजक्काकडं बघायला लागले. तिनं सगळ्यांची यादी दिली, कामावर आल्याच्या क्रमानं, मालकांपासून.

तो म्हणाला, "अम्मा, सगळ्यांची नको. बाहेरच्यांची."

ती म्हणाली, "सार, मला कळत नाही म्हणून विचारते. मालकांचे पणजोबा तंजावरहून आले. या मास्टरांचे कोण सोलापूरहून सुई घेऊन आले. आमच्या घरचे फौजेबरोबर आले म्हणतात, लढले की पळाले देव जाणे. कुणाला कुठल्या कागदावर घालू तेवढं सांगा, घालते."

तो हसला. यादी घेऊन गेला. ऑर्डर हातची गेली नाही. पण मालक आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि तिनंही त्यांची मनधरणी केली नाही.

मी हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं. शेजारी बसून. तरी जेव्हा माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं ते लिहितो.

सरोजक्काच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डॉक्टरनं पंधरा दिवस घरी राहायला सांगितलं. जाताना वही माझ्याकडं दिली. "मास्टर, तुम्ही रोज बघताच. दोन कागद, सही. सुम्ने, उगाच वाढवू नका."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. एक श्रीकांत, नंजनगूडचा, आमच्यातला, मराठी घरचा. तिशीतला, लग्न झालेला. त्याचे आजोबा आमच्या विठ्ठलाच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचे. मी त्याला पेटीवाल्यांचा नातू का म्हणून विचारलं, तो हो म्हणाला, मी त्याला कडा शिवायच्या ओव्हरलॉकच्या मशीनवर बसवलं. कागद? आणशील सवडीनं.

दुसरा रफीकुल. बंगालकडचा, कूचबिहार जिल्ह्यातला. चाळिशीला आलेला, बारीक अंगाचा. म्हैसुरात दोन वर्षं झालेली, तुटकं कन्नड बोलायचा. मी त्याला कॉलर लावून दाखव म्हटलं. त्यानं लावली. इतकी वर्षं मी कॉलरी बघत आलो, अशी टोकं बसलेली कॉलर वर्षातून एकदा दिसते. त्यानं आधार कार्ड दिलं आणि पासबुक. झालं होतं तिथंच. पण मी म्हटलं, मतदान कार्ड आण. दुसऱ्या दिवशी त्यानं आणलं. मी म्हटलं, घरमालकाची चिठ्ठी आण. तिसऱ्या दिवशी आणली. मी म्हटलं, गावाकडचा शाळेचा दाखला मागवून घे. त्यानं फोनवर मागवला, कागदावर छापून आणला. मला आणखी काय मागावं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं, नंतर ये.

यशोदा काजं करत होती. सुई न थांबवता म्हणाली, "घ्यायचं नसेल तर नाही म्हणा. पळवताय कशाला त्याला?"

मी म्हटलं, "तू बटणं लाव."

हे मी तिला बोललो. आता परत घेता येत नाही.

अकराव्या दिवशी सरोजक्का काळा चष्मा लावून हजर. पंधरा दिवसांचं काय विचारलं तर म्हणाली, घरी छताकडं बघून डोकं फिरलं. आणि त्याच सकाळी श्रीकांतच्या बोटात ओव्हरलॉकची सुई गेली. नखातून आरपार. सरोजक्कानं वही उघडून विचारलं, याचं ईएसआय? नव्हतं. कुठून असणार? कार्डच घेतलेलं नव्हतं. आमचा म्हणून घेतला आणि आमचाच माणूस ओळखीच्या डॉक्टरला हात जोडत बसला. बोट वाचलं. वाकत नाही अजून.

ते निस्तरल्यावर दुपारी तिनं वही परत उघडली. एक डोळा झाकलेला, दुसऱ्यानं वही नाकाला लावून वाचत होती.

"मास्टर, हा रफीकुल कोण? पाच कागद घेतलेत. कामावर कुठंय?"

मी पट्टी उचलून टेबलावर सरळ लावली.

"आणि शेवटच्या रकान्यात सही नाही. मूळ कार्ड दिलंत का परत?"

"दिलं."

"कधी?"

"दिलं म्हणतोय ना."

"बघा एकदा."

आता कटिंग मास्टरची सवय सांगायला हवी. आमचे पॅटर्न जाड तपकिरी कागदाचे. साईजप्रमाणं गठ्ठे बांधून भिंतीला खिळ्यावर टांगतो. शाळेच्या मापाची चिठ्ठी असो, लाइटबिल असो, हातातला कुठलाही कागद मी जो गठ्ठा समोर उघडा असेल त्यात सारतो. आयुष्यभर तसंच केलं. रफीकुलनं पहिल्या दिवशी कार्ड दिलं तेव्हा मी बत्तीस साईज कापत होतो. झेरॉक्स काढून आणली आणि कार्ड बत्तीसच्या गठ्ठ्यात गेलं. गठ्ठा बांधला, टांगला. बत्तीसचं काम संपलं होतं, कोण उघडतोय?

यशोदानंच गठ्ठा खाली काढला. पाठ आणि बाहीच्या मध्ये कार्ड निघालं. तिनं ते सरोजक्कापुढं ठेवलं.

मधल्या दिवसांत तो तीनदा कार्ड विचारायला आला होता. हे मी सरोजक्काला सांगितलं नव्हतं. तीनदाही मी म्हटलं, दिलंय तुला, घरी शोध. मला तसं खरंच वाटत होतं. पण शोधलं नव्हतं मी.

सरोजक्कानं काळा चष्मा नीट केला. "चला."

रेल्वेलाइनच्या पलीकडं त्याची खोली होती. घरमालकाच्या चिठ्ठीवर पत्ता होता, ती चिठ्ठी मीच मागवलेली. बसमध्ये सरोजक्का खिडकीकडं तोंड करून बसली. दारापाशी म्हणाली, "तुम्ही बोला. मी नाही बोलणार."

रफीकुल आतून आला. मला बघून त्याचा चेहरा घाबरल्यासारखा झाला. इतक्या वर्षांत मला बघून कुणी घाबरलं नव्हतं.

मी म्हटलं, "कार्ड माझ्याकडंच राहिलं होतं."

त्यानं घेतलं. शर्टाला पुसलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. मग म्हणाला, "सार, मी तीनदा आलो होतो."

"हो."

"तुम्ही म्हणालात घरी शोध. मी सगळं उचकून बघितलं. मग मला वाटलं, बरोबर राहणाऱ्यानं घेतलं. मी त्याला चोर म्हणालो, सार. आमच्याच गावचा होता. सामान घेऊन गेला तो. फोन उचलत नाही."

खोलीत दोन चटया होत्या. एक गुंडाळलेली.

तो पुढं म्हणाला की नंजनगूडच्या एका कारखान्यात त्याचं काम ठरलं होतं, पण गेटवर मूळ कार्ड मागितलं, झेरॉक्स चालेना. हे त्यानं तक्रार म्हणून नाही सांगितलं. झालं ते सांगितलं.  माफ कर म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. ते निघालं नाही तोंडातून.

शेवटी सरोजक्काच पुढं झाली. पिशवीतून पाचही झेरॉक्स काढल्या. "मी सरोजा, युनिटमधली. यांना मीच वही दिली होती, म्हणजे चूक माझ्याही घरची. आम्हाला दोन लागतात, पाच घेतल्यात. तीन तुमच्यासमोर फाडते." आणि फाडल्या, बारीक, आणि ते तुकडे त्याच्या हातात दिले. "सोमवारपासून या."

"आणखी काही लागेल?"

"नाही."

"नक्की, अक्का?"

"खोटंच बोलायचं असतं तर बन्नूरमध्ये बसून बोलले असते. एवढ्या लांब एका डोळ्यानं आले नसते."

परतीच्या बसस्टॉपवर ती माझ्याशी बोलली.

"मास्टर, त्याला घ्यायचंच नाही असं ठरवलेलं का तुम्ही?"

"नाही ग. कॉलर बघितली होती मी त्याची."

"मत्ते?"

"भीती वाटली. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल."

"श्रीकांतला घेताना नाही वाटली?"

बस आली. ती पुढच्या दारानं चढली, मी मागच्या. उतरेपर्यंत ती माझ्याकडं वळली नाही. त्यापेक्षा चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रफीकुल सोमवारी आला. अडीच वर्षं त्यानं आमच्याकडं कॉलरी लावल्या. मी कापलेले तुकडे द्यायचो, तो घ्यायचा, "सार" म्हणायचा. एवढंच. यशोदा त्याच्याशी बोलायची, त्याच्या घरचं विचारायची. मी कधी विचारलं नाही. रोज वाटायचं आज बोलू. अडीच वर्षं रोज वाटलं.

सरोजक्काचा दुसरा डोळा पुढं गेलाच. पहिल्यातही काही दम राहिला नाही. तिनं काम सोडलं. मालकांनी शाल दिली, तिनं ती तिथंच शिवणाऱ्या बायांपुढं धरून कपडा बरा आहे का विचारलं. नंतर डोळ्याच्या दवाखान्याला ती म्हैसुरात यायची तेव्हा रफीकुल बसस्टँडवर तिला घ्यायला जायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. यशोदाकडून मला कळायचं. मग यशोदाच गेली. पोटात दुखतंय म्हणाली आणि तीन आठवड्यांत संपलं. मी युनिट सोडलं.

सरोजक्काही या गेल्या श्रावणात बन्नूरला वारली. मी गेलो नाही, कळलंच उशिरा. मी तिला शेवटचं पाहिलं ते यशोदाच्या नंतर, पाचव्या दिवशी.

सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चांगलंच वर आलेलं. रफीकुलनं तिला पायरीपर्यंत आणलं, तिचा हात चौकटीवर ठेवला. मी तिला धरून आत घेतलं आणि जाळीचं दार लावलं. माशा येतात, म्हणून लावतो. तो बाहेर राहिला.

ती चटईवर बसली. रडली नाही, मलाही समजावलं नाही. म्हणाली, "यशोदा बटणाची गाठ आतून मारायची. दुसऱ्या बाया कामाच्या घाईत बाहेरून मारतात. तिची एक गाठ बाहेरून दिसली नाही मला." मग माझ्या जेवणाचं विचारलं. कोण करतं, काय करतं. मी करतो म्हटलं. भातात पाणी किती घालता म्हणाली. मी सांगितलं. "जास्त होतं ते," म्हणाली. असं बोलत बसलो आम्ही. त्या पाच दिवसांत माझ्याशी कुणी असं नीट बोललं नव्हतं. सगळे धीर द्यायला येत होते.

ती उठली तेव्हा सव्वा बारा वाजले होते. मी दार उघडलं तर रफीकुल समोरच्या भिंतीपाशी उभा. सावली त्याच्या अंगावरून कधीच सरकलेली. शर्ट भिजलेला. तो पुढं आला, तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोघं पायरी उतरले आणि चालू लागले.

चार घरं पुढं गेले तेव्हा मला कळलं की मी काय केलं ते.

"रफीकुल!"

दोघं थांबले.

"आत ये. पाणी पिऊन जा."

तो अक्काकडं बघायला लागला. अक्का वैतागली. "माझ्याकडं काय बघतोस? मला काय दिसतंय? तुला विचारलंय, तू सांग."

"नको, सार," तो म्हणाला. "बन्नूरची बस आहे आता."

"नंतरची आहे की."

"अक्काला भूक लागते, सार."

 ते खरंच होतं.

गल्लीच्या टोकाला गटारावरची फरशी निघालेली होती. त्यानं तिला थांबवलं, काहीतरी सांगितलं. तिनं साडी वर धरली, पाय उचलला, हवेत चाचपला आणि पलीकडं टाकला. पडली नाही. मग त्याला काहीतरी बोलली, बहुतेक उशिरा सांगितलंस म्हणून, कारण तो हसला. आणि दोघं वळणाआड गेले.

मी पायरीवर अनवाणी उभा होतो. पाय पोळायला लागले तेव्हा आत आलो. तो सव्वा तास बाहेर होता.